रान विचारून पेरा



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं मोहोळमध्ये मनःपूर्वक स्वागत करतो. मातीवरची परिषद मोहोळला भरते आहे, हे योग्यच झालं. भाकरीसाठी उभा महाराष्ट्र जिचं नाव घेतो, ती मालदांडी ३५-१ ज्वारी १९३०च्या दशकात इथेच स्थानिक वाणातून निवडली गेली. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं तेही १९३३ साली. पाऊस कमी, म्हणून मातीकडे बारकाईने बघायची सवय या जिल्ह्याला लवकर लागली. ती आता सुटत चालली आहे, हे मला आज बोलायचं आहे.

मंडपात शिरताना टेबलावरच्या काचेच्या बरण्या आपण पाहिल्या असतील. त्यांत आमचा जिल्हा आहे. एका बरणीत मंगळवेढ्याची काळी, दुसरीत सांगोल्याचा मुरूम, तिसरीत बार्शीकडच्या बालाघाटाच्या उताराची हलकी जमीन, चौथीत भीमेकाठचा गाळ. बहुतेक सगळ्यांचा जन्म एकाच काळ्या पाषाणातला. उतारावरची माती पाण्याबरोबर खाली आली आणि सखल भागात साचली, म्हणून कुठे हातभर खोल, तर कुठे दोन बोटांखाली मुरूम. एकाच गटात वरच्या बांधाची जमीन वेगळी आणि खालच्या बांधाची वेगळी, हे आमच्याकडे नेहमीचं.

मंगळवेढ्याच्या रानात मे महिन्यात कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाचं पाणी त्या भेगांतून खोल उतरतं, चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि ओल आत कोंडली जाते. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही मोठा भरवसा सप्टेंबरवर. पण त्या साठवलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर ज्वारी कणसात येते. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं खुली केली, ही कथा मंगळवेढ्याची आहे. ती कोठारं भरली होती, ती याच काळीच्या बळावर.

सांगोल्याचा मुरूम पाणी धरत नाही. ज्वारीला ते वैगुण्य, डाळिंबाला तेच वरदान. डाळिंबाच्या मुळांना हवा लागते, साचलेलं पाणी चालत नाही. ठिबक आलं आणि माळाचं सोनं झालं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला, दोघांनाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. एकाच जिल्ह्याच्या दोन मातींचा तो मान आहे.

सांगोल्याची भरलेली झाडं पाहून मलाही मोह आवरला नाही. आमच्या चार एकर काळ्या रानात मी डाळिंब लावलं. वडील म्हणाले, "रान विचारून लाव." मी बाजारभाव विचारला. तिसऱ्या वर्षी परतीच्या पावसात खालच्या अंगाला आठवडाभर पाणी तुंबलं. पानं पिवळी पडली, फांद्या वाळल्या, बाग मर रोगाने गेली. वाचल्या त्या वरच्या मुरमाड बांधालगतच्या तीन ओळी. रानाने उत्तर दिलं होतं. मी पैसे घालवल्यावर ऐकलं.

आता शेवटची बरणी. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमाकाठाला ऊस आला. सुबत्ता आली, ती नाकारून चालणार नाही. पण भारी जमिनीला निचऱ्याची सोय न करता पाणी पाजत राहिलो, तिथे क्षार वर आले आणि रानं चोपण झाली. त्या बरणीशेजारी दोन ग्लास ठेवले आहेत. चांगल्या रानाचं ढेकूळ पाण्यात फुटतं, तळाशी बसतं आणि पाणी निवळतं. चोपणाचं पाणी तासाभरानेही गढूळच राहतं, कारण सोडियम मातीचे कण एकमेकांना धरू देत नाही. त्यावर उपाय जिप्सम आहे. पण क्षार वाहून जायला चर नसेल, तर जिप्समचा खर्चही पाण्यात.

२०१५ साली जमीन आरोग्य पत्रिका आली. तिच्यात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश धरून बारा आकडे असतात. ते हवेतच. मात्र तो नमुना वीतभर खोलीचा. खाली मुरूम किती फुटांवर, चुनखडीचा थर कुठे, हे त्या कागदावर येत नाही. आणि पिकाचा निर्णय तर तिथेच होतो. कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे वाणसुद्धा खोलीप्रमाणे सांगितले आहेत : हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. खोलीच माहीत नसेल, तर निवडायचं कशावरून?

म्हणून तज्ज्ञांना माझी विनंती, पत्रिकेत खोलीचा आणि निचऱ्याचा रकाना असावा, असा ठराव या परिषदेने करावा.

आमच्या व्यवस्थेत उणिवा असतील, त्या पदरात घ्याव्यात. जेवणात मालदांडीची भाकरी आणि शेंगाचटणी आहे. मंडपामागे चार फुटांचा एक खड्डा घेतला आहे. जेवायला बसण्याआधी प्रत्येकाने त्याच्या काठावर उभं राहून थर मोजावेत, आणि घरी गेल्यावर आपल्या प्रत्येक गटात असा एक खड्डा घ्यावा. दोन माणसांची दिवसभराची मजुरी लागेल; माझी चार एकर बाग त्याहून महाग पडली.