राखून ठेवलेला डाव



आपल्या कृष्णा-वारणेच्या मुलखाला फुटबॉलपेक्षा तांबड्या मातीचं वेड जास्त. तरी आज एका फुटबॉलपटूची गोष्ट सांगणार आहे, आणि त्याच्या जोडीला आपल्या पैलवानाची. दोघंही १९६२ साली जकार्ताच्या आशियाई खेळांतून सोन्याचं पदक घेऊन आले.

फुटबॉलपटू म्हणजे प्रदीपकुमार बॅनर्जी, सगळ्यांचे पी. के. पुढच्या फळीत उजव्या बगलेवरून मुसंडी मारणारे. अंतिम सामन्यात प्रेक्षक आपल्या विरोधात होते, समोर दक्षिण कोरिया. पहिला गोल पी. के. यांनी केला आणि भारत २-१ असा जिंकला.

पैलवान म्हणजे शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर. त्यांना ग्रीको-रोमन कुस्तीत सुवर्ण, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. कवठेपिरानच्या मारुती माने यांचंही एक सुवर्ण त्याच खेळांतलं. साताऱ्याकडच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून ब्राँझपदक आणलं, त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

पुढं खेळणं थांबलं आणि गणपतराव व पी. के. दोघंही शिकवू लागले. गणपतराव कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद झाले. पी. के. यांनी ईस्ट बंगाल आणि मोहन बागान हे कलकत्त्याचे दोन्ही मोठे संघ घडवले. सामन्याआधी ते असं बोलायचे, की खेळाडू पेटून मैदानात उतरायचा.

तालमीत पहाटे कधी गेलात, तर आखाड्याच्या कडेला बसलेल्या वस्तादाकडे बघा. पोराच्या हातून पट निसटायला लागला, की वस्तादाच्या मुठी आपोआप आवळतात. स्वतः उतरला तर डाव क्षणात बसेल, हे त्याला ठाऊक असतं. तरी तो जागचा हलत नाही, फक्त ओरडतो, "अरं, सोडू नगंस!"

पी. के. यांच्यावरही अशीच वेळ आली. १९७७ साली कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागानसमोर पेलेंचा कॉसमॉस संघ उभा राहिला. ते तेव्हा मोहन बागानचे प्रशिक्षक. पेलेंसारखा खेळाडू समोर असताना पी. के. यांच्या पायांना किती खाज सुटली असेल! पण गोल केले ते श्याम थापा आणि हबीब यांनी. सामना २-२ असा बरोबरीत सुटला.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असं जुनी माणसं म्हणतात. मला वाटतं, तो डाव म्हणजे स्वतःला आखाड्याबाहेर धरून ठेवण्याचा. ज्यानं जन्मभर गोल मारले, त्याला तो सगळ्यात उशिरा जमतो.