उन्हाळ्यातील धबधबे आणि डोह
(मंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वैशाखात आपल्या वागळे इस्टेटीत काय हाल होतात, हे मी तुम्हांला सांगावयास नको. समोर कारखान्यांचे पत्रे तापलेले, डोक्यावर गच्चीचा स्लॅब तापलेला, आणि मधे आपण! संध्याकाळी रायलादेवी तलावाच्या काठी बसावे तेव्हा कोठे जिवात जीव येतो. मुलांच्या परीक्षा संपल्या की घरोघरी एकच घोशा सुरू होतो, ‘धबधब्यावर जाऊ या.’ मंडळाच्या सहलीचाही तसाच विचार चालला आहे, म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली.

पहिली गोष्ट अशी की, मे महिन्यात सह्याद्रीतील बहुतेक धबधबे कोरडे असतात. माळशेज घाटात आषाढ-श्रावणात जेथे शुभ्र धारा पाहिल्या, तेथे वैशाखात नुसता काळा कातळ दिसतो. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. हा खडक कठीण. पाणी त्यात मुरते थोडे आणि वाहून जाते फार. चार महिने मुसळधार आणि आठ महिने ठणठणाट, हाच त्याचा संसार.

मग उन्हाळ्यात वाहते पाणी पाहावयाचे कोठे? एक तर धरणाच्या खाली. नाशिकच्या रस्त्याने कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी करीत भंडारदऱ्याला जाता येते. आपल्या येथून हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. तेथे प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण आहे. धरणाच्या पायथ्याशी पाणी सोडले म्हणजे ते एका गोल कातळावरून उघडलेल्या छत्रीसारखे पसरते, म्हणून त्यास अंब्रेला धबधबा म्हणतात. थोडे पुढे गेले की रंधा धबधबा लागतो. सुमारे १७० फूट खोल दरीत प्रवरा तेथे उडी घेते. शेतीसाठी उन्हाळी आवर्तन सुटले असेल, तर भर मे महिन्यातही तिचे रूप पाहावयास मिळते. निघण्यापूर्वी पाणी सोडले आहे की नाही याची तेथे चौकशी करावी, नाहीतर कोरडा कातळ पाहून परत यावे लागेल.

दुसरी जागा म्हणजे नदीपात्रातील रांजणखळगे. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात हे प्रसिद्ध कुंड आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे जात्यातील दाण्यांसारखे गरगर फिरतात आणि युगानुयुगे खडक कोरीत रांजण घडवितात. काठावर मळगंगा देवीचे देऊळ आहे. मुलांना भूगोल शिकवावयाचा असेल, तर याहून चांगली शाळा नाही.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी मुख्यतः उभी आहे, तिच्याकडे वळते. ही सारी ठिकाणे पाहण्याची आहेत. त्यांत उतरण्याची नव्हेत. धार कोसळते तेथे खालचा कातळ खोल कोरला जातो. काठाशी गुडघाभर पाणी असते आणि दोन पावलांवर पुरुषभर. खडकावर शेवाळ, तळाशी कपारी, आणि वरून केव्हा पाणी वाढेल त्याचा नेम नाही. धरणाखाली तर डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही पाणी वाढू शकते. आपल्या आज्या-पणज्या सांगत, ‘डोहात साती आसरा असतात, जाऊ नको.’ काठावरच्या शेंदूर लावलेल्या दगडांची ओटी भरूनच त्या मागे फिरत. आपण हसलो, पण त्या भीतीने किती लेकरे वाचली असतील!

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मध्यावर एकमेकांना घट्ट धरून ती माणसे उभी होती. पाणी वाढले आणि काठावरच्यांना काही करता आले नाही. भगिनींनो, वाहत्या पाण्यात एकमेकांचा हात धरल्याने माणूस वाचतोच असे नाही. एकाचा पाय सुटला की सारी साखळी जाते. म्हणून कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी घालू नये. दोर, बांबू, झाकण लावलेला रिकामा कॅन, काही नसेल तर दोन ओढण्यांची गाठ मारून फेकावी, आणि आपण आडवे पडून काठावरच राहावे. बुडणारा नेहमी ओरडतोच असे नाही. बहुधा तो गुपचूप बुडतो, म्हणून मुलांवरची नजर काढू नये. बाहेर काढलेल्यास उलटे धरणे, पोट दाबणे हे जुने उपाय आता चुकीचे ठरले आहेत. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पोहण्याची हौस असेल तर ती जरूर पुरवावी, पण आधी शिकून. ठाण्यातच महापालिकेचा मारोतराव शिंदे तरण तलाव आहे. ‘या वयात काय शिकायचे?’ असे म्हणू नका. साठीची बाईही श्वास धरून पाण्यावर तरंगावयास शिकू शकते. आईला पोहता येत असेल तर लेकीला कोणी अडवीत नाही.

आणखी एक विचार. आपली बस शहापूर तालुक्यातून जाईल. १८९२ साली पूर्ण झालेले तानसा धरण आणि भातसा धरण याच तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबई-ठाण्याच्या नळांना येते. आणि त्याच तालुक्यातील कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत असतात. धरण उशाला, कोरड घशाला, ती हीच. तेव्हा आपल्या पिण्याचे पाणी आपण घरूनच न्यावे. कोठल्याही डोहात साबण, शॅम्पू लावू नये. खालच्या अंगाला कोणीतरी तेच पाणी पिते. पत्रावळी, बाटल्या परत आणाव्यात.

२०२१ साली राज्य शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. आपल्याला त्याचे नवल कसले! वारीला निघालेल्या बायका ट्रकात चूल, पीठ, अंथरूण घालून पंढरी गाठतात. आपण मिनीबसमध्ये दशम्या, कांदा-कैरीची चटणी, ताकाची बरणी, जाड दोर आणि प्रथमोपचाराची पेटी एवढे घ्यावे. पहाटे निघावे, पाणी डोळे भरून पाहावे, रंध्याचे तुषार अंगावर घ्यावेत, आणि अंधार पडण्यापूर्वी घाट उतरावा.

जितक्या जणी बसमध्ये चढतील तितक्या सगळ्या, लेकराबाळांसह, घरी उतराव्यात. सहल चांगली झाली की नाही, हे मी तरी त्यावरूनच ठरवीन.