पत्रांची फाईल बदलली, हे ओळखायचे कसे?

(शाखा सचिव व कार्यालय सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



युनियनच्या शिबिरात संगणकातल्या एका फाईलवर भाषण आहे म्हटल्यावर मागच्या रांगेतून चहाची चौकशी सुरू झाली, ती आम्ही ऐकली. चहा आहे. पण आधी हे ऐका, कारण प्रकरण शेवटी चार्जशीट आणि अपिलाचेच आहे.

शिक्षेचा हुकूम हातात पडल्यापासून ४५ दिवसांत अपील करायचे असते. रेल्वेत १९६८ चे शिस्त व अपील नियम तेच सांगतात आणि टपाल खात्यात १९६५ चे नियमही तेच सांगतात. आमच्या एका शाखेतून एका सभासदाचे अपील ४१ व्या दिवशी ई-मेलने गेले. हा माणूस बदली होऊन इटारसीला गेलेला, म्हणून सगळा पत्रव्यवहार शाखेच्या संगणकावरूनच चाले. पुढे साहेबांच्या कार्यालयाने कळवले की, मुदतीत काहीच मिळाले नाही. आम्ही निर्धास्त होतो. पाठवलेले पत्र आपल्याकडे तारीख-वेळेसह आहे, काढून दाखवू. त्याच आठवड्यात संगणकाची डिस्क गेली.

तरीही आम्ही घाबरलो नाही. रोज रात्री ११ वाजता सगळ्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढणारा प्रोग्राम बसवलेला होता. प्रत उघडून पाहिली तर सभासद यादी आहे, वर्गणीचा हिशेब आहे, पत्रांची फाईल मात्र चार महिन्यांपूर्वीची. कारण साधे होते. संध्याकाळी जाताना पत्रांचा प्रोग्राम कोणी बंद करीत नसे. तो उघडा असला की त्याची फाईल कुलूपबंद राहते, दुसऱ्या प्रोग्रामला तिला हात लावता येत नाही. प्रत काढणारा प्रोग्राम दर रात्री ती फाईल वगळत होता आणि तसे इमानेइतबारे नोंदवतही होता. ती नोंद चार महिने कोणी वाचली नाही. चूक आमचीच.

तो सभासद वाचला तो टपालवाल्यांमुळे. त्याने शहाणपणाने तेच अपील स्पीड पोस्टनेही पाठवले होते आणि पावती जपून ठेवली होती. पण त्याच डिस्कवर आणखी आठ-दहा जणांचा पत्रव्यवहार होता. तो सगळा काही परत मिळाला नाही.

आता मुद्द्यावर येऊ. आउटलुक वापरणाऱ्यांची पत्रे बहुधा पीएसटी नावाच्या एकाच मोठ्या फाईलमध्ये असतात. पत्रे सर्व्हरवरून उतरवून घेऊन तिथून पुसण्याची सोय चालू असेल, तर जगात त्यांची तेवढी एकच प्रत असते. थंडरबर्डमध्ये प्रत्येक कप्प्याची वेगळी फाईल असते, एवढाच फरक. अशी फाईल दहा-दहा जीबीची होते. रोज उठून सगळी उतरवायची नको वाटते, म्हणून प्रश्न येतो: ती कालपासून बदलली आहे की नाही, हे ओळखायचे कसे?

आरएमएसमधल्या बंधूंना हे लगेच कळेल. बंद बॅग समोर आली तर आपण सील पाहतो, वजन पाहतो, आणि अगदी शंका आली तर उघडून आतला एकेक डाग यादीशी ताडून पाहतो. फाईललाही हेच तीन उपाय आहेत, पण तिघांच्याही खोडी आहेत.

सील म्हणजे फाईलवरची बदलाची तारीख. आउटलुक नुसते उघडून बंद केले, एकही पत्र आले-गेले नाही, तरी पीएसटीवर आजची तारीख पडते. सील नवे, माल जुनाच. आणि याच्या उलटही घडते. प्रोग्राम दिवसभर उघडा आहे, पन्नास पत्रे आली, तरी फाईल बंद होईपर्यंत विंडोजच्या यादीत जुनीच तारीख दिसत राहू शकते. म्हणून उघड्या फाईलच्या तारखेवर कधीही विसंबू नका. तारखेची आणखी एक गंमत आहे. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर वेळ दोन-दोन सेकंदांच्या हिशेबाने नोंदली जाते. त्यामुळे मूळ फाईल आणि प्रत तंतोतंत एक असूनही त्यांच्या वेळेत सेकंदभराचा फरक दिसतो आणि भोळा प्रोग्राम रोज नवी प्रत काढत बसतो. त्याच पेन ड्राइव्हवर ४ जीबीची किंवा तिच्याहून मोठी एक फाईल मावतच नाही, हेही लक्षात असू द्या.

वजन म्हणजे फाईलचा आकार. पत्र पुसले म्हणून पीएसटी लगेच लहान होत नाही. आत मोकळी जागा राहते आणि नवे पत्र तिथेच जाऊन बसते. शंभर पत्रे गेली, शंभर आली, आकार तोच. थंडरबर्डमध्येही पुसलेल्या पत्रावर फक्त खूण होते. फाईल आवळण्याची क्रिया केल्याशिवाय आकार घटत नाही. तेव्हा वजन तेच आहे म्हणून माल तोच आहे, असे मानायचे नाही.

तिसरा उपाय म्हणजे हॅश. हा फाईलचा अंगठ्याचा ठसा समजा. संगणक फाईल पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो आणि एसएचए-२५६ या पद्धतीने ६४ आकडे-अक्षरांची एक ओळ देतो. आत एका अक्षराचा बदल झाला तरी सगळी ओळ पालटते. विंडोजमध्ये यासाठी सर्टयुटिल नावाची सोय मुळातच आहे, विकत काही घ्यावे लागत नाही. पण सगळी फाईल वाचावी लागते, त्यामुळे जुन्या फिरत्या डिस्कवर दहा जीबीला दोन-तीन मिनिटे जाणार. शिवाय आउटलुक फाईल उघडताना स्वतःच्या कामापुरते आत काहीबाही लिहीत असते. त्यामुळे पत्रे तीच असूनही ठसा बदलू शकतो. ठसा अक्षरांचा हिशेब देतो, पत्रांचा नाही.

मग करायचे काय? आमचे मत असे की, बदल नसताना बदल दिसला तर एक जादा प्रत निघेल, दोन मिनिटे आणि थोडी जागा जाईल. बदल झाला असून दिसला नाही तर एखाद्याचे अपील जाईल. तेव्हा संशयाचा फायदा प्रत काढण्याला द्यायचा. रोज संध्याकाळी पत्रांचा प्रोग्राम बंद करायचा, मग तारीख आणि आकार कालच्या नोंदीशी ताडायचे, आणि दोहोंपैकी एकही वेगळे असेल तर लगेच प्रत काढायची. हॅश वापरायचा तो प्रत काढून झाल्यावर. मूळ फाईलचा आणि प्रतीचा ठसा एक आला, तरच प्रत धड उतरली असे समजायचे.

पण इथेच एक धोका आहे, आणि आम्हाला वाटते तो सगळ्यात मोठा आहे. फाईल बदलली म्हणून प्रत काढली आणि ती कालच्या प्रतीवरच लिहिली, तर फाईल बिघडली तो बदलही तुम्ही मोठ्या तत्परतेने उतरवून घेता. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरच्या संगणकांतल्या फायली कुलूपबंद केल्या. जर्मनीत डॉइश बानच्या स्थानकांवरील गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या फलकांवर खंडणीची नोटीस झळकली होती. असे काही घडले की फाईल बदललेलीच दिसते, आणि आपला आज्ञाधारक प्रोग्राम चांगल्या प्रतीवर खराब माल चढवतो. म्हणून दर प्रतीला त्या दिवसाच्या तारखेचे नाव द्या. गेल्या सात दिवसांच्या प्रती आणि दर महिन्याची एक, एवढ्या तरी ठेवा. डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवा. आणि फाईल कालच्यापेक्षा एकाएकी बरीच लहान झालेली दिसली, तर त्या दिवशी जुन्या कोणत्याही प्रतीला हात लावायचा नाही. आधी शोध घ्यायचा.

यंत्रावर सगळा भार टाकू नका. आलेली पत्रे किती, पाठवलेली किती, हे दोन आकडे रोज वहीत हाताने लिहा. सील, वजन आणि ठसा यांना जे सांगता येत नाही, ते हे दोन आकडे सांगतात.

ठशाचा आणखी एक उपयोग थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक कागदपत्रासोबत जो दाखला जोडायचा आहे, त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागा आहे. पण पीएसटीचा ठसा रोज बदलणार, तो घेऊन कुठे दाखवणार? म्हणून अपिलाचे, चार्जशीटच्या उत्तराचे, बदलीच्या अर्जाचे पत्र गेले की तेवढे एक पत्र वेगळ्या फाईलमध्ये काढून ठेवा आणि त्या फाईलचा ठसा तारखेसह वहीत उतरवा. ती फाईल मग कोणी उघडून पुन्हा जतन करायची नाही.

चहानंतर बाहेरच्या खोलीतल्या संगणकावर आपण हे सगळे एकदा करून पाहणार आहोत. महिन्यापूर्वीची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडते का, तेही तपासू. ज्यांनी शाखेची डिस्क सोबत आणली आहे त्यांनी ती बाहेर काढावी, आणि प्रत काढणाऱ्या प्रोग्रामची नोंद शेवटची कधी वाचली, ते खरे सांगावे. आम्हीही सांगितले आहे.