घोरणे आणि गाढ झोप

घोरणारा मनुष्य गाढ झोपेत असतो, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. ‘कसा खुशाल घोरत पडला आहे!’ या उद्गारात वैतागाबरोबर थोडा हेवाही असतो. निद्रारोगतज्ज्ञाला मात्र घोरण्यापेक्षा त्यात मध्येच पडणाऱ्या खंडाची चिंता अधिक.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात आणि काहींचा श्वासमार्ग पार मिटून जातो. छाती हालत राहते, पण हवा आत शिरत नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकतो आणि मोठा घुरका देऊन श्वास पुन्हा सुरू होतो. रोग तीव्र असेल, तर एका रात्रीत हे शेकडो वेळा घडते. सकाळी रोग्याला त्यातले काहीच आठवत नाही. आठ तास झोपूनही डोके जड का, हे कोडे त्याला उलगडत नाही. कचेरीतील त्याची डुलकी आळसात जमा होते. मोटार हाकताना तीच प्राणावर बेतते. म्हणूनच वैद्य आधी त्याच्या पत्नीला विचारतो. रात्रीची खरी साक्षीदार तीच!

१९६५ साली फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी झोपेतील हा श्वासावरोध यंत्रांच्या साहाय्याने नोंदविला. तथापि पुढे कित्येक वर्षे खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसविणे. जून १९८० मध्ये सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्याकडे असाच एक रोगी आला. त्याने ही शस्त्रक्रिया नाकारली होती. सलिव्हन यांनी त्याच्या नाकावर मुखवटा बसवून त्यातून हवेचा मंद, अखंड दाब दिला. दाब वाढविताच श्वास सुरळीत झाला. कमी करताच पुन्हा अडू लागला. हवेनेच घसा आतून उघडा धरला होता. तो मनुष्य त्या रात्री सुमारे सात तास सलग झोपला. पाच रोग्यांवरील हा अनुभव १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

आज हा प्रमुख उपचार आहे. परंतु यंत्र घरी नेले म्हणजे काम संपले, असे नव्हे. कोणाचे नाक कोरडे पडते, कोणाला पट्टा काचतो, कोणी आठवड्यातच मुखवटा कपाटात ठेवून देतो. मग वैद्य त्याला पुन्हा बोलावतो, दुसऱ्या मापाचा मुखवटा लावून पाहतो, हवेला थोडी ओल देतो आणि यंत्रात उमटलेल्या गेल्या रात्रीच्या नोंदी त्याच्यासमोर उलगडून बसतो.