शून्य बेटावरची घरं

(सोनाळा इथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



सोनाळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सातपुड्याची रांग येते. संगणकाला मात्र दोन आकडे दिसतात : अक्षांश २१ च्या थोडा पुढे, रेखांश ७६ च्या पुढे. हे आकडे उलटे भरले, तर सोनाळा थेट नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांजवळच्या बर्फाळ समुद्रात जातं. संगणक तक्रार करत नाही. त्याच्या लेखी तोही खराच पत्ता.

आणि आकडे भरलेच नाहीत तर? पुष्कळदा रिकाम्या जागी शून्य धरलं जातं. शून्य अक्षांश, शून्य रेखांश हा बिंदू गिनीच्या आखातात आहे. तिथे जमीनच नाही. तरी जगभरच्या चुकलेल्या नोंदी तिथे जमा होतात. आम्ही अभियंते त्याला गमतीने 'नल आयलंड' म्हणतो, म्हणजे शून्य बेट.

एका सर्वेक्षणाच्या अ‍ॅपवर काम करताना ही चूक मीही केली. ज्या घरांत जीपीएस लागलं नाही, तिथे माझ्या कोडने शून्य टाकलं. नकाशावर काही कुटुंबं समुद्रात दिसली. आम्ही हसलो. मग लक्षात आलं, गावांच्या याद्या याच नकाशावरून निघणार होत्या आणि ही कुटुंबं कुठल्याच गावात नव्हती. वेळेत सापडलं, म्हणून निभावलं.

समुद्रातली चूक निदान दिसते. जमिनीवरची दिसत नाही. अमेरिकेत मॅक्समाइंड या कंपनीने, नेमकं ठिकाण माहीत नसलेल्या आयपी पत्त्यांना देशाच्या मध्याजवळचा एकच बिंदू दिला. तो कॅन्सस राज्यात, पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरावर पडला. ६० कोटींहून जास्त पत्ते त्या घराच्या नावावर! फसवणूक करणारे, हरवलेली माणसं शोधत पोलीस वर्षानुवर्षं तिथेच येत राहिले. २०१६ मध्ये बातमी आल्यावर कंपनीने तो बिंदू एका तलावात हलवला.

न केलेल्या गोष्टीचा संशय अंगावर येणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या अनेकांना सांगावं लागत नाही. म्हणून लक्षात ठेवा, स्क्रीनवरचा ठिपका हा पुरावा नव्हे. तो कुठून आला, कोणी भरला, हे विचारा. ई-पीक पाहणीत शेतातून फोटो टाकाल, तेव्हा ठिकाणही तपासा. घरातल्या मोठ्यांनाही तपासून द्या.

तुमच्यापैकी जे कोड लिहायला शिकतील, त्यांना एवढंच सांगतो : रिकामी जागा रिकामीच ठेवा. 'माहीत नाही' असं म्हणायला संगणकाला शिकवावं लागतं. माणसांनाही.