ग्रामीण घरातील पर्यायी वीज : यंत्राआधी हिशेब



सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेखाली मार्च २०२२ पर्यंत २.८६ कोटी घरांना वीजजोडणी मिळाली. मात्र घरापर्यंत तार पोहोचणे आणि त्या तारेतून वीज येत राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार ग्रामीण भागातील वीजपुरवठा २०१४-१५ च्या सुमारास दिवसाला सरासरी साडेबारा तास होता. अलीकडे तो साडेबावीस तासांच्या आसपास पोहोचला आहे. ही प्रगती लहान नव्हे. तथापि, उरलेला दीड तास हीसुद्धा सरासरीच आहे. एखाद्या गावात तो दहा मिनिटांचा असतो, तर दुसऱ्या गावात सहा तासांचा. या दुसऱ्या गावातील कुटुंब ज्या वेळी जनरेटर घ्यावा की इन्व्हर्टर, असा प्रश्न विचारते, त्या वेळी त्याच्या वर्षभराच्या बचतीचा प्रश्न उभा असतो.

दुकानदार प्रथम विचारतो, “किती केव्हीएचा हवा?” माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असावयास हवा : वीज किती वेळा जाते आणि एकदा गेली की किती वेळ जाते? रोज दोन-तीन तास जाणारी वीज आणि वर्षातून एकदा आठवडाभर जाणारी वीज यांवर एकच उपाय असू शकत नाही.

रोजच्या खंडाचा हिशेब करू. तीन साधे पंखे आणि पाच एलईडी दिवे यांना सुमारे २७० वॅट लागतात. तीन तासांत पाऊण युनिटाहून थोडी अधिक, म्हणजे महिन्याला सुमारे पंचवीस युनिटे. पेट्रोलवर चालणारा लहान जनरेटर एका लिटरमागे जेमतेम दीड ते दोन युनिटे वीज देतो, आणि तीही भार पुरेसा असेल तर. केवळ पंखे-दिव्यांवर चालविल्यास त्याहून कमी. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरल्यास युनिटाला पन्नास रुपयांहून अधिक पडतात. महिन्याचा इंधनखर्च साडेबाराशेच्या वर गेला, यंत्राची किंमत आणि देखभाल वेगळीच. उलट, इन्व्हर्टरची बॅटरी तारेतील विजेनेच भरते. भरताना व वापरताना सुमारे एक तृतीयांश वीज वाया गेली आणि दर सात रुपये धरला, तरी महिन्याला सुमारे अडीचशे रुपये होतात. पंधरा हजारांची बॅटरी चार वर्षे टिकली असे मानल्यास आणखी तीनशे. रोजच्या खंडासाठी जनरेटर हा महागडा सौदा आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

येथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बारा व्होल्ट, १५० अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीत १.८ युनिटे मावतात. पण शिसे-आम्ल बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केली तर तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाती येते पाऊण युनिटाच्या आसपास, वरील घराला तीन तासांपुरती. तेच पंखे बदलून तीस वॅटचे बीएलडीसी पंखे बसविले, तर तीच बॅटरी सहा तासांच्या जवळ पुरते. दुसरी बॅटरी विकत घेण्याऐवजी पंखे बदलावेत. पाण्याच्या पंपाचेही तसेच. एक अश्वशक्तीच्या मोटारीला सुरू होताना चालू भाराच्या कित्येक पट प्रवाह लागतो; तेवढ्यासाठी मोठे यंत्र घेण्यापेक्षा वीज असताना टाकी भरून ठेवणे शहाणपणाचे. पाणी साठविणे हे वीज साठविण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

मग जनरेटरला स्थानच नाही काय? आहे. मे २०१९ मध्ये फनी चक्रीवादळानंतर ओडिशाच्या पुरी जिल्ह्यातील अनेक खेड्यांत कित्येक आठवडे वीज नव्हती. अशा वेळी बॅटरी पहिल्याच रात्री संपते आणि ती भरण्यास तार नसते. जनरेटर मात्र इंधन मिळेतो चालतो. पण वर्षाकाठी आठ दिवसांसाठी प्रत्येक घराने यंत्र घेणे परवडणारे नाही. वाडीने मिळून एक घ्यावे. बिहार आणि उत्तर प्रदेशातील खेड्यांत एका जनरेटरवरून घरोघरी दिव्यागणिक वीज विकण्याची पद्धत एकेकाळी रूढ होतीच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट व त्याहून मोठ्या छतावरील संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्यामुळे ‘आता वीज गेली तरी चिंता नाही’ असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. तारेला जोडलेला साधा सौरसंच वीज जाताच आपोआप बंद होतो, भर दुपारीसुद्धा. बंद समजलेल्या तारेत वीज जाऊन खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ नये, यासाठीची ही योजना आहे. खंडाच्या काळात सौर वीज हवी असेल तर बॅटरी आणि तिला चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. बॅटरीचा खर्च अनुदानात नाही. अर्ज करण्यापूर्वी ही माहिती कुटुंबाला देणे, हे आपणांसारख्या कार्यकर्त्यांचे काम आहे.

जनरेटरला मात्र असे आपोआप बंद होणे ठाऊक नसते. घराच्या सॉकेटमध्ये त्याची वायर खुपसली की रोहित्रातून उलट गेलेली वीज उच्च दाबाने खांबापर्यंत पोहोचते. चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर जोडू नये. तसेच तो घरात, पडवीत वा खिडकीखाली चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.