मामाजींचे स्मरण



मठाच्या उत्सवात एका संसारी गृहस्थाचे स्मरण करण्याची अनुज्ञा मिळाली, हे मी माझ्या श्वशुरांचेच पुण्य समजते.

माझे सासर पांढुर्ण्याचे, माहेर जाम नदीपलीकडील सावरगावचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत पळसाचे झाड रोवून ही दोन गावे गोटमार खेळतात. मामाजींनी त्या दिवशी दगड कधी हाती धरला नाही. ‘सुनेच्या माहेरावर दगड कसा टाकू?’ असे ते हसून म्हणत.

विवाहानंतर पाचव्या वर्षी मला वैधव्य आले. हिला माहेरी धाडावे, असा सोयऱ्यांचा सल्ला पडला. मामाजींनी सौंसरजवळील संत्र्याची बाग माझ्या नावे केली आणि हिशेबाची वही माझ्यापुढे ठेवली. १७५४ मध्ये कुंभेरीस खंडेराव पडले, तेव्हा मल्हारराव होळकरांनी अहिल्याबाईंना सती जाण्यापासून परावृत्त केले व कारभारात घातले. १७६६ मध्ये ते आलमपुरी वारले. तेथे सुनेने त्यांची छत्री उभारली. मजजवळ छत्रीचे सामर्थ्य कोठले? हे चार शब्दच आहेत.

आंबिया बहाराचा ताण हलक्या जमिनीत थोडके दिवस द्यावा, भारी जमिनीत अधिक, हे त्यांनी मला बांधावर उभे राहून शिकविले. अखेरच्या पौषात ते अंथरुणाला खिळले होते. मी बागेतील डहाळी नेऊन दाखविली. मलूल पाने चाचपून ते म्हणाले, ‘सूनबाई, आता पाणी सोड.’ दुसऱ्या दिवशी पाणी सोडून मी परतले, तो त्यांचे प्राणोत्क्रमण झाले होते.

माघात बाग फुलली.